शाळेतून बोलावणं : प्रस्तावना

"मैडम, मोर लइका का करिस?"

माझ्या लेकरानं काय केलं, असं विचारणारी ती बाई वर्गाच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी असायची. डोक्यावरचा पदर सारखा केलेला, हातात मुलाची डायरी. मी अजून एक अक्षरही बोललेलं नसायचं. छत्तीसगढीतला हा प्रश्न भिलाईतल्या नोकरीत मी इतक्यांदा ऐकला की त्याचा हिशोब ठेवला नाही. तेलुगूभाषक आईनं तो मोडक्या हिंदीत विचारला, नागपूरकडच्या वडिलांनी मराठीत विचारला, प्रश्न तोच. शाळेतून बोलावणं आलंय म्हणजे पोरानं काहीतरी केलंच असणार. त्यांचं चुकत नव्हतं. पोरानं काही केलेलं नसताना आम्ही कुणाच्या घरी कधी निरोप धाडला होता?

पालक आणि शिक्षक यांच्यातली अवघड बोलणी हा या पुस्तकाचा विषय. आवाज चढतो, टेबलावर हात आपटला जातो, आई रडायला लागते, शिक्षिका मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन डोळे पुसते, त्या सगळ्या भेटींचा. अशी भेट त्या दिवशी बिघडते असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. जूनपासून जानेवारीपर्यंत ज्या घराशी शाळेचं एकही बोलणं झालेलं नसतं, त्या घराशी पहिलं बोलणं तक्रारीचं झालं की ते बिघडणारच. आणि त्या आधीच्या सहा-सात महिन्यांच्या गप्प बसण्याचा दोष दोन्हीकडे सारखा वाटता येत नाही, हे मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे. भेट शाळेच्या जागेत होते, शाळेनं ठरवलेल्या वेळेला होते, शाळेच्या भाषेत होते. खुर्चीवर शिक्षक बसलेला असतो, पालक येऊन उभा राहतो. ज्याच्या घरी पाहुणा येतो, त्यानं आधी 'या' म्हणायचं असतं.

भिलाईत 'या' म्हणायला आमच्याकडे शब्दही आयता होता. हिंदी मुलुखात बऱ्याच ठिकाणी आईवडिलांना 'अभिभावक' म्हणतात. छत्तीसगडच्या शाळांत मात्र 'पालक' हाच शब्द रुळलेला आहे. शाळेला 'शाला' म्हणतात, माध्यमिकपूर्व शाळेच्या मुख्याध्यापकाला 'प्रधानपाठक'. मराठी माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटतं, आणि त्याला कारणही आहे. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्याचा कारभार १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चालत होता. मी लग्न होऊन नागपूरहून इकडे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नोटीस फलकावर 'पालक-शिक्षक बैठक' ही अक्षरं वाचून माझा धीर वाढला होता. शब्द ओळखीचा असला म्हणून पालक ओळखीचे होत नाहीत, हे कळायला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

भिलाई हे गाव मुळात पोलाद कारखान्याभोवती वसवलेलं. सोव्हिएत संघाशी करार झाला तो १९५५ च्या फेब्रुवारीत. पहिली झोतभट्टी सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार, विदर्भ, सगळीकडून माणसं आली आणि सेक्टरांच्या आखीव रस्त्यांवर एकमेकांची शेजारी झाली. छत्तीसगडची माणसं तर इथलीच. गावं आणि शेतं त्यांचीच गेली होती. कारखान्यानं नगर वसवलं तसं दवाखाना चालवला, शाळाही चालवल्या. त्या शाळांतले शिक्षक कारखान्याचेच नोकर. म्हणजे शिक्षकाचा पगार जिथून, पालकाचा पगारही तिथूनच. बाहेरच्या माणसाला वाटेल, केवढी सोय! एकाच घरातली माणसं!

प्रत्यक्षात त्या एका घरात जिने फार होते. भिलाईत मुलाचा पत्ता वाचला की बापाचा हुद्दा कळायचा. 'बत्तीस बंगले' लिहिलेलं असलं की शिक्षिका खुर्ची पुसून ठेवायची. 'खुर्सीपार' किंवा 'कॅम्प' लिहिलेलं असलं की नोंदवहीतून डोकं वर न काढता विचारायची, 'हं, कुणाचे?' मी हे दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. माझा आवाजही बदलायचा. मोठ्या साहेबांच्या मुलाबद्दल मी 'थोडा चंचल आहे' म्हणायचे. ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्याच्या मुलाबद्दल तीच गोष्ट सांगताना 'अजिबात बसत नाही' म्हणायचे. दोन्ही मुलं एकाच बाकावर बसून एकच खोडी करत होती. ते दोन बाप घरी काय घेऊन गेले असतील, आणि त्या रात्री त्या दोन घरांत काय झालं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

भाषेचंही तसंच. शाळेची भाषा हिंदी, पुढे पुढे इंग्रजी. घरात छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू, मराठी, भोजपुरी. इथून जवळच राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. मातृभाषा मराठी, लिहिणं-शिकवणं हिंदीतलं. दोन भाषांत असं सहज वावरणं त्यांच्यासारख्यांना जमतं. पालकसभेच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या, चौथीत शाळा सुटलेल्या आईला ते जमत नाही. ती मान हलवत राहते आणि आम्ही शेरा लिहितो, 'पालक उदासीन.' मी असे शेरे लिहिले आहेत. आज त्यातले निम्मे तरी खोडावेसे वाटतात.

आता ज्या प्रसंगामुळे हे पुस्तक लिहावंसं वाटलं तो सांगते. सालं नव्वदीतली. सातवीचा वर्ग, सकाळची शाळा. एक मुलगा पहिल्या तासाला पेंगायचा. रोज नाही, पण पेंगायचा तेव्हा सलग चार-पाच दिवस. मी दोनदा उभं केलं, एकदा तोंड धुऊन यायला पाठवलं, आणि शेवटी डायरीत लाल शाईनं लिहिलं, वर्गात झोपतो, पालकांनी येऊन भेटावं. दुसऱ्या दिवशी वडील आले. प्लांटमध्ये कामगार. दाराशी उभे राहिले. मी बेचाळीस मुलांसमोर त्यांना सांगितलं की तुमचं मुलाकडे लक्ष नाही, रात्री उशिरापर्यंत जागू देता, असंच चाललं तर आठवीत जाणार नाही. ते खाली बघून ऐकत होते. म्हणाले, "हमने रात को मारा है, मैडम. आप भी मारिए." आणि गेले.

मुलगा पेंगायचा थांबला. माझ्या मते काम झालं होतं.

दोनेक महिन्यांनी पॉवर हाऊसच्या बाजारात त्याची आई भेटली. भाजी घेता घेता सहज बोलली. नवऱ्याची सेकंड शिफ्ट असली की दुपारी सव्वाला सायकल काढतात. पोरगा दीडला घरी येतो. रात्री साडेदहाला ते परततात. त्या आठवड्यात बापलेकांची गाठच पडत नाही. म्हणून पोरगा जागा राहायचा, बापाच्या ताटाशी बसायचा, दिवसभराचं सगळं सांगायचा, अकरा-साडेअकराला झोपायचा. आता मार पडल्यापासून नऊलाच पांघरूण घेतो. हे येतात, एकटे जेवतात, विचारतात, झोपला का?

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. घरी येऊन मी माझी वही काढली. त्याच्या पेंगण्याच्या ज्या तारखा मी टिपून ठेवल्या होत्या, त्यांच्यात बरोबर तीन-तीन आठवड्यांचं अंतर होतं. शिफ्ट आठवड्याला बदलते आणि तीन आठवड्यांनी फिरून येते, हे भिलाईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझे यजमान त्याच शिफ्टमध्ये जात होते. माझ्याच घरचं वेळापत्रक होतं ते, आणि मला ते वाचता आलं नव्हतं. मी त्या मुलाची झोप सुधारली आणि बापाशी होणारं त्याचं अर्ध्या तासाचं बोलणं बंद पाडलं.

त्या दिवशी मी डायरीत काय लिहायला हवं होतं, हे नंतर खूपदा घोळवून पाहिलं. 'अधूनमधून पहिल्या तासाला पेंगतो, असं दिसतंय. घरी काही सांगण्यासारखं असेल तर सवडीनं सांगा.' एवढंच. यात मी पाहिलेलं आहे, मी लावलेला अर्थ नाही. 'लक्ष नाही' हा अर्थ होता. अवघड भेटींत भांडण बहुतेक वेळा या लावलेल्या अर्थावरून होतं. आळशी, उद्धट, खोटारडा, घरचं वळण नाही, हे शब्द एकदा टेबलावर पडले की पालक मुलाची बाजू मांडत नाही, स्वतःची मांडायला लागतो. तेच 'मंगळवारी आणि बुधवारी वही आणली नाही' म्हटलं, तर दोघांना मिळून विचार करायला काहीतरी उरतं.

माझे यजमान झोतभट्टीच्या विभागात होते. भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते. ती विझवून माणसं घरी जात नाहीत. त्यामुळे शिफ्ट संपली म्हणून निघून जाता येत नाही. पुढचा माणूस आला की आधीचा त्याला सांगतो, अमुक पंपाचा आवाज वेगळा येतोय, तमुक व्हॉल्व्ह बंद ठेवलाय, तिकडची दुरुस्ती अर्धी आहे, हात लावू नका. नोंदवहीत लिहून सही करतो. चूक कुणाची, हे त्या वेळी काढत बसत नाहीत. आधी यंत्र कोणत्या अवस्थेत आहे ते सांगतात, कारण न सांगितलेल्या गोष्टीनं तिथे माणूस मरतो. भिलाईला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. २०१४ च्या जूनमधली वायुगळती आणि २०१८ च्या ऑक्टोबरमधला कोक ओव्हनच्या वायुवाहिनीतला स्फोट इथल्या घराघरांना माहीत आहे.

मूलही रोज असंच दोन शिफ्टमध्ये फिरत असतं. सकाळी घर त्याला शाळेच्या हाती देतं, दुपारी शाळा घराच्या हाती. आणि या देण्याघेण्यात कुणी कुणाला काही सांगत नाही. रात्री घरात भांडण झालं, आजी दवाखान्यात आहे, बापाच्या विभागात अपघात झालाय, यातलं काही आम्हाला कळत नाही. आज वर्गात मुलीला कुणी चिडवलं, तिनं पहिल्यांदा आपणहून हात वर केला, हे घराला कळत नाही. वार्षिक परीक्षेआधी दोघं एकदम समोरासमोर येतात आणि विचारतात, हे असं कसं झालं?

पालक आणि शिक्षक हे स्वभावतःच एकमेकांचे वैरी, असं विलार्ड वॉलर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये मांडलं होतं. पालकाला आपलं एक मूल दिसतं, शिक्षकाला सगळा वर्ग. दोघांच्या मागण्या जुळायच्या नाहीत. त्यातलं निदान मला पटतं, निकाल पटत नाही. मला जास्त उपयोगी पडलं ते सारा लॉरेन्स-लाइटफूट यांचं २००३ मधलं पुस्तक. पालक-शिक्षक भेटीत दोनच माणसं बसलेली नसतात, असं त्या दाखवतात. पालकाच्या आणि शिक्षकाच्या स्वतःच्या बालपणातल्या शाळा, तिथले अपमान, तिथल्या भीती त्या खोलीत हजर असतात. हे वाचलं तेव्हा मला चपला बाहेर काढणारी ती बाई आठवली. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला शाळेची इमारत आजही दटावत असते. आणि आवाज चढवणाऱ्या साहेबांच्या आतही कधीकाळी कुणी वर्गासमोर उभं केलेला एक मुलगा असू शकतो.

चढलेल्या आवाजाबद्दल इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण तरुण शिक्षिका मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारतात. एक वडील सहामाहीचे गुण घेऊन आले होते. अधिकारी होते. आत येतानाच बोलत आले की तुम्ही मुद्दाम गुण कापलेत, माझा मुलगा आयआयटीला जाणार आहे, तुम्हाला कल्पना आहे का? भिलाईत हे वाक्य थट्टेवारी नेण्यासारखं नाही. इथली मुलं खरोखरच दरवर्षी आयआयटीत जातात, शिकवणीवर्गांच्या पाट्यांवर त्यांचे फोटो लागतात, आणि २०१६ पासून तर भिलाईच्याच नावाची आयआयटी आहे. कारखान्यातल्या नोकऱ्या आटत गेल्या, बापाच्या मागे मुलगा लागेल हा जुना भरवसा गेला. त्यामुळे सहामाहीचे चार गुण हे त्या माणसाला चार गुण दिसत नव्हते. मी त्यांच्या पहिल्या वाक्याला उत्तर दिलं असतं तर ती भेट तिथेच संपली असती. मी बोलू दिलं. माणूस सलग फार वेळ रागावू शकत नाही, समोरून इंधन मिळालं नाही तर पाच-सात मिनिटांत दमतो. मग कपाटातून उत्तरपत्रिका काढली आणि टेबलाच्या पलीकडे न बसता त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली. कागद दोघांच्या मध्ये ठेवला. दोन माणसांची नजर एका कागदावर आली की ती एकमेकांच्या डोळ्यांतून निघते. तिसऱ्या पानावर ते गप्प झाले. चौथ्या पानावर म्हणाले, हा इतकी घाई का करतो? हा प्रश्न माझाही होता. तिथून पुढे आम्ही अर्धा तास चांगलं बोललो.

प्रत्येक वेळी असं जमत नाही. कुणी शिवी देतं, हात उगारतं, फोनवर चित्रण करत धमकावतं. तिथे शिक्षिकेनं समजूतदारपणा दाखवत बसू नये. भेट थांबवावी, मुख्याध्यापकांना बोलवावं, घडलेलं त्याच दिवशी लिहून ठेवावं. मुख्याध्यापकांनी तिला दाराआड एकटं सोडू नये. 'तुम्हीच काहीतरी बोलला असाल' हे वाक्य मी कितीतरी तरुण शिक्षिकांना वरिष्ठांकडून ऐकून घेताना पाहिलंय. पालकांनी केलेला अपमान त्या विसरतात, हे विसरत नाहीत.

याची दुसरी बाजू लिहिताना माझ्याच लोकांना वाईट वाटेल, तरी लिहिते. पालक जेव्हा सांगायला येतो की तुमच्या शिक्षकानं माझ्या मुलाला मारलं, तेव्हा आम्ही सगळे एक होतो. स्टाफरूम भिंत होते. 'मूल खोटं बोलतंय' हे आमचं पहिलं वाक्य असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. 'आप भी मारिए' असं बाप म्हणाला म्हणून ती परवानगी होत नाही. बापालाही ती देण्याचा अधिकार नाही. अशा तक्रारीला 'मी चौकशी करते आणि शुक्रवारी तुम्हाला सांगते' याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. शुक्रवारी खरोखर सांगितलं पाहिजे. आणि बोलण्यातून मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर तिथे संवादाचं कौशल्य वगैरे काही उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती बाब पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग संशय घरच्यांवर असो की शाळेतल्या कुणावर.

कायद्याचं निघालंच आहे तर आणखी थोडं. पालकांशी नियमित भेटणं, मुलाची हजेरी आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणं, हे शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २४ नं शिक्षकाचं कर्तव्य ठरवलंय. हौस असेल तर करायचं काम म्हणून ठेवलेलं नाही. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या सभासद स्त्रिया. कागदावर पाहिलं तर चपला बाहेर काढणाऱ्या त्या बाईला या कायद्यानं शाळेच्या टेबलाशी बसवलं आहे. बैठकीच्या वहीवर तिचा अंगठा किंवा सही असतेही. तिनं काय म्हटलं ते मात्र वहीत क्वचित सापडतं. छत्तीसगड सरकारनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर एकाच दिवशी मोठ्या प्रमाणावर पालक-शिक्षक बैठका घेतल्या. मला ते आवडलं. पण दोनशे पालकांसमोर माइकवरून बोलणं म्हणजे भाषण; ज्या आईला आपल्या एका पोराबद्दल विचारायचं आहे, तिला कोपऱ्यातली दहा मिनिटं हवी असतात. आणि त्या दिवशी सकाळी नाईट करून आलेल्या बापासाठी संध्याकाळची वेळ हवी असते.

शिक्षकाकडे ती दहा मिनिटं आहेत का, हा रास्त प्रश्न आहे. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते. त्यात छत्तीसगडच्या हजारो शिक्षकांनी 'शिक्षाकर्मी' म्हणून तुटपुंज्या पगारावर वर्षं काढली. २०१८ मध्ये त्यांचं शिक्षण विभागात संविलियन, म्हणजे विलीनीकरण, सुरू झालं तेव्हा कुठे पूर्ण शिक्षकाचा मान त्यांच्याकडे आला. ज्याला स्वतःला कुणी धड शिक्षक म्हणत नाही, त्यानं पालकाशी शांतपणे बोलावं ही अपेक्षा करताना मला संकोच वाटतो. तरी करते, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाला तर तेवढीही जागा नसते.

शाळेनं आधी उठून जायचं, ही कल्पना माझी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला ती करून दाखवली. आदिवासी मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर आईबापांना दोष देत न बसता त्या पाड्यावर गेल्या. अंगणात अंगणवाडी भरली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका यांच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'आईबाप होणं अवघड आहे' असा आहे. शिक्षणाचं काम करणाऱ्या माणसाला हे आधी जाणवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आमच्या छत्तीसगडातही हे घडलेलं आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेतल्या ठेकेदारी मजुरांनी आपल्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. ज्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं अशा बायाबापड्यांनी वर्गणी काढून आणि अंगमेहनत करून वर्ग बांधले. नियोगींचा १९९१ च्या सप्टेंबरमध्ये भिलाईतच खून झाला. मजूर पालकाला शिक्षणाची काय किंमत, असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की मी त्या शाळांचं नाव काढते. आणि २०२० च्या टाळेबंदीत 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, या योजनेखाली शिक्षक खरोखर दारोदार गेले. झाडाखाली, चावडीवर, मंदिराच्या ओट्यावर मोहल्ला क्लास भरले. कितीतरी शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्याचं घर तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एका खोलीत सहा माणसं राहतात हे पाहून आल्यावर 'गृहपाठ का केला नाही' हा प्रश्न पूर्वीच्या आवाजात विचारता येत नाही.

त्याच काळानं आम्हाला व्हॉट्सअॅपचे गट दिले, आणि नव्या भांडणांची एक जागाही. रात्री अकराला एक आई लिहिते, आज माझ्या मुलीला मैडमनी उन्हात उभं केलं. बारापर्यंत चाळीस जणांनी मत दिलेलं असतं आणि मैडम झोपलेली असते. गटावर वेळापत्रक कळवावं, सुट्टी कळवावी. एका मुलाबद्दलचं एक अक्षरही तिथे लिहू नये, स्तुतीचंही नाही. याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त वेळा बदलावं लागलं.

पुस्तक मराठीत का, असं इथल्या मैत्रिणींनी विचारलं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या काही शिक्षिकांशी या विषयावर बोलणं झालं तेव्हा प्रत्येकीकडे माझ्यासारखी एक तरी लाल शाईची आठवण निघाली. तिथे शिफ्ट नाहीत, पण धानाची रोवणी आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम आहे, नागपुरात बांधकामावर गेलेले बाप आहेत. नागपूर-पुण्याच्या शाळांत तर दोघं नोकरीवर, आणि बैठकीला येते ती आजी. प्रत्येक गावाचं असं एक वेळापत्रक असतं, आणि तिथल्या शिक्षकाला ते वाचता यायला हवं. पुढच्या प्रकरणांतले प्रसंग घडलेले आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, वर्ग आणि सालं बदलली आहेत. जिथे चूक माझी होती तिथे ती माझ्याच नावावर ठेवली आहे.

पालक म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्यांना एक सांगते. शाळेच्या दाराशी चपला काढू नका. आत या, खुर्ची ओढून बसा, आणि मुलाच्या तक्रारीआधी त्याच्याबद्दल तुम्हाला ठाऊक असलेली एक गोष्ट आम्हाला सांगा, जी वर्गात आम्हाला कधीच दिसणार नाही.

आणि शिक्षक मैत्रिणींनो, मित्रांनो, पुस्तक पुढे वाचण्याआधी तुमचं हजेरीपत्रक उघडा. या वर्षी ज्या घरी तुमचा एकही निरोप गेलेला नाही, किंवा फक्त तक्रारीचाच गेलाय, अशा एका मुलाच्या नावावर बोट ठेवा. उद्या त्याच्या डायरीत एक ओळ लिहा. त्यानं केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एक चांगली गोष्ट. खाली 'भेटायला या' असं लिहू नका. नुसती सही करा आणि डायरी त्याच्या हाती द्या.